हंसराजाच्या मागावर : सौंसर, पाताळकोट, पचमढी

आजीच्या खोकल्याच्या काढ्यात नेहमी केस असायचे. निदान लहानपणी मला तसंच वाटायचं. काळेभोर, चकचकीत, बोटभर लांबीचे केस. मी पेला ढकलून द्यायची आणि आजी दर वेळी तेच सांगायची, "केस नाही गं बाई, तोच तर हंसराज."

पुढे वनस्पतिशास्त्र शिकले, सव्वीस वर्षं वर्ध्याला शिकवलं, तेव्हा कळलं की ते नेच्याचे, म्हणजे फर्नचे, देठ होते. फूल नाही, फळ नाही, बी नाही, अशा झाडाचे. मागच्या हिवाळ्यात खोकला धरला म्हणून नागपुरात इतवारीतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून हंसराजाची पुडी आणली. दुकानदार त्याला 'परसियावशां' म्हणाला. हे त्याचं युनानी नाव. घरी येऊन पुडी वर्तमानपत्रावर पसरली आणि भिंग लावलं. खरा हंसराज निम्मासुद्धा नव्हता. बाकी दुसऱ्याच एका नेच्याची पानं आणि गवताच्या काड्या. तेव्हापासून मनात घोळत होतं : हे तोडतं कोण? तोडणाऱ्याला ठाऊक असतं का, कुठलं झाड कुठलं? आणि आजीला तर कधी दुकानात जाताना पाहिलं नव्हतं, मग ती आणायची कुठून?

आजी सौंसरची. तिच्या गावावरूनच पुढे छिंदवाडा, तामिया, पाताळकोट आणि पचमढीचा रस्ता जातो. मावसबहीण, माझी ताई, सरकारी रुग्णालयातून नर्स म्हणून नुकतीच निवृत्त झालेली. तिला म्हटलं, चल. भाद्रपद संपत आला होता. नेचे बघायचे तर याच दिवसांत, कारण दिवाळीनंतर अर्धे वाळून जातात.

दिवस पहिला : नागपूर ते तामिया

सावनेर सोडलं आणि थोड्याच वेळात राज्य बदललं. पाट्या हिंदी झाल्या, माणसं मात्र मराठीच बोलत राहिली. सौंसर-पांढुर्ण्याचा हा पट्टा पूर्वीच्या मध्य प्रांतातला. राज्यांची सीमा आखली गेली, पण जिभेला ती कुणी सांगितली नाही. गाडीवाले दादाही सौंसरचेच. मामींना फोन करून सांगितलं की परत येताना थांबतो, आत्ता घाई आहे.

सिलेवानीच्या घाटात गाडी थांबवायला लावली. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीवर पाणी झिरपत होतं आणि त्या ओलीत रुपेरी नेचा दाटीनं उगवला होता. पान वरून हिरवं, खालून पीठ माखल्यासारखं पांढरं. मी एक पान ताईच्या मनगटावर दाबलं आणि उचललं. पांढरा नक्षीदार छाप उमटला. शाळेत असताना हा खेळ आम्ही सगळ्यांनी खेळलाय. दादा हसून म्हणाले, "हेच शोधाले आल्या का जी तुमी?"

"हेच आणि याचे भाऊबंद."

"मंग तं लय दिवस लागतीन."

छिंदवाड्यानंतर परासियाच्या कोळसा खाणी लागतात. इथला कोळसा गोंडवन काळातला, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदली जंगलांचा. त्या खडकांना 'गोंडवन' हे नाव १८७२ मध्ये मेडलिकॉट नावाच्या भूवैज्ञानिकानं दिलं, गोंडांच्या या मुलखावरून. पुढे दक्षिण गोलार्धात एके काळी जोडलेल्या अख्ख्या महाखंडालाच ते नाव मिळालं. या कोळशात जिभेसारख्या पानांचे ठसे सापडतात. ते इतके नेच्यासारखे दिसतात की शास्त्रज्ञही आधी फसले होते. ते झाड, ग्लोसॉप्टेरिस, प्रत्यक्षात बीधारी निघालं. काळ्या ढिगाऱ्यांच्या बाजूनं जाताना मी हे ताईला सांगत होते आणि ती डुलक्या घेत होती.

तामियाला पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की विश्रामगृहामागची दरी फक्त आवाजानं कळत होती. खालून कुठूनतरी पाणी पडत होतं.

दिवस दुसरा : पाताळकोट

पाताळकोट म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची, कड्यांनी वेढलेली प्रचंड दरी. सुमारे ७९ चौरस किलोमीटर. काठावरून तळ बाराशे-पंधराशे फूट खाली. आत बारा गावं, आणि दरीतून निघून बाहेर पडणारी दूधी नदी. राहणारे बहुतेक भारिया, काही गोंड. मध्य प्रदेशात अतिमागास, 'आदिम' म्हणून नोंदलेल्या जमाती तीन आहेत : बैगा, सहरिया आणि भारिया, आपल्याकडे कातकरी, कोलाम, माडिया आहेत तशाच. मेघनाद इथूनच पाताळात गेला अशी गोष्ट सगळे सांगतात. २०१९ मध्ये दरीचा सुमारे ८,३६७ हेक्टरचा भाग जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला.

चिमटीपूरच्या बाजूनं खाली उतरलो. आधी पायऱ्या, मग पायवाट. आता काही गावांपर्यंत सडक गेली आहे, पण आम्हाला कड्याच्या अंगानंच जायचं होतं. सोबत वाट दाखवायला एक तरुण भारिया मुलगा, त्याचे आजोबा गावचे भुमका. भुमका म्हणजे जडीबुटी जाणणारा. अंगात येणं, बाधा उतरवणं हे पडिहाराचं काम; भुमका झाडपाला देतो. बाहेरच्यांना हा फरक कळत नाही आणि मग वर्तमानपत्रांत दोघांचा मिळून एक 'तांत्रिक' होतो.

उतरताना पहिल्याच वळणावर हंसराज भेटला. ओल्या वालुकाश्माच्या भेगेतून लोंबणारा, काळ्या केसासारख्या देठावर अर्धचंद्राच्या आकाराच्या पर्णिका. कुणाला त्यात हंसाचं पाऊल दिसलं म्हणून हंसपदी, कुणाला घोड्याचा खूर दिसला म्हणून घोडखुरी. या जातीची एक खोड मला फार आवडते. पानाचं टोक लांब चाबकासारखं वाढतं, जमिनीला टेकलं की तिथे मुळं धरतं आणि नवं रोप होतं. असा पाऊल टाकत टाकत तो खडकावर पुढे सरकतो. मी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. थेंब मोत्यांसारखे घरंगळले, पान कोरडंच. शास्त्रीय नाव आडिअँटम, ग्रीक भाषेत 'न भिजणारं'. मुलगा म्हणाला, "दादा सांगतात, ज्याला पाणी लागत नाही तो कफाचं पाणी काढतो." तो आजोबांना दादा म्हणत होता.

चरकानं कंठाला हितकर अशी दहा द्रव्यं सांगितली आहेत. सारिवा, ज्येष्ठमध, पिंपळी, द्राक्षा यांच्या रांगेत हंसपदीही आहे. या दरीतल्या माणसानं चरक वाचलेला नाही. मग कुणाचं ज्ञान कुणाकडे गेलं असेल? मला तरी वाटतं, झाड जंगलात होतं आणि जंगलात राहणारे आधी होते.

भुमका बाबा अंगणात मक्याची कणसं सोलत बसले होते. सत्तरीच्या पुढचे, अंगानं काटक. आम्ही नारळ आणि उदबत्तीचा पुडा पुढे ठेवला. पैसे द्यायचे नाहीत हे मुलानं आधीच बजावलं होतं. बाबांची बोली पुष्कळशी समजत होती. अडलं की गाडीवाले दादा किंवा मुलगा मदतीला होते. मी येण्याचं कारण सांगितलं : आजीचा काढा, इतवारीतली पुडी, सगळं. इतवारीतल्या पुडीची हकिगत त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावली.

मग उठले. "चला बाई, दाखवतो. पण आज तोडणार नाही."

का, असं ताईनं विचारलं. तेव्हा कळलं की औषधाचं झाड तोडायचं तर आदल्या संध्याकाळी त्याला नेवता, म्हणजे आमंत्रण, द्यावा लागतो. चार तांदूळ, हळद ठेवायची आणि सांगायचं की उद्या अमक्याच्या पोरासाठी न्यायला येईन. सकाळी सावली न पाडता जायचं आणि मागितलं तेवढंच घ्यायचं. मी शिकलेली बाई, पण ते ऐकताना वहीत लिहायचा माझा हात थांबला. नेवता द्यायचा म्हणजे आदल्या दिवशी झाड जागेवर जाऊन बघायचं. किती आहे, कोवळं आहे की पिकलं, तिथे घ्यायला उरलंय का. आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्यापुरतंच तोडायचं. गोणी भरायला नेवता देता येत नाही.

गावामागच्या कड्याच्या पायथ्याशी आम्ही दोन-अडीच तास हिंडलो. सगळं इथे लिहिणार नाही. बाबांनी काही गोष्टी "ही लिहा" म्हणून सांगितल्या, काहींना "ही राहू द्या" म्हणाले, आणि मात्रा तर एकाही औषधाची लिहायची नाही असं आमचं ठरलं. लिहायला सांगितलं तेवढंच लिहिते.

हंसराज खोकल्याला आणि तापाला. पान घ्यायचं, मूळ नाही. ते घेताना त्यांनी बोटांनी करून दाखवलं : देठ नखानं खुडायचा, ओढायचा नाही. ओढला की भेगेतली मातीच निघते आणि मग तिथे काही उगवत नाही.

एका कोरड्या, उन्हातल्या भेगेत मयूरशिखा होती. वीतभरसुद्धा नाही, पण हुबेहूब ताडाच्या झाडाची बाहुली. देठाच्या टोकाला पंख्यासारखी चिरलेली पानं. आपल्या दख्खनच्या किल्ल्यांच्या जुन्या भिंतींत हीच दिसते, लोक तिला ओलांडून बुरुजाचे फोटो काढतात. बाबा ती जंतांवर देतात आणि कापलं तर ठेचून रक्त थांबवायला लावतात. आयुर्वेदातही हे दोन्ही उपयोग आहेत.

जंतांवरून मला एक गोष्ट आठवली ती मी बाबांना सांगितली. युरोपात पट्टकृमीवर शेकडो वर्षं नेच्याचंच मूळ देत. अठराव्या शतकात एका स्विस डॉक्टरच्या विधवेकडे त्याचं गुप्त औषध होतं. १७७५ च्या सुमाराला फ्रान्सच्या सोळाव्या लुई राजानं ते तिच्याकडून १८,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजून विकत घेतलं आणि छापून जाहीर केलं. निघाला तो साधा जंगली नेचा, ग्रीकांनाही ठाऊक असलेला. फार घेतला तर डोळे जायचे, माणूसही दगावायचा. म्हणून विसाव्या शतकात नवी औषधं आल्यावर तो मागे पडला.

बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "राजानं पैसे त्या बाईलाच दिले ना?"

हो म्हटलं.

"बरं केलं."

पुढे कुणी काही बोललं नाही. पण मला पुस्तकांमधले, शोधनिबंधांमधले ते तक्ते आठवत राहिले : वनस्पतीचं नाव, उपयोगी भाग, उपयोग, 'स्थानिक आदिवासी'. सांगणाऱ्याचं नाव त्या रकान्यात कधी नसतं. मीही विद्यार्थ्यांकडून असे तक्ते करून घेतले आहेत. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यात गावागावांत समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे, फायद्यात वाटा देण्याचीही. कागद चांगला आहे. त्याचं काय होतंय हे अशा अंगणात बसून विचारायला हवं, आणि विचारणारे आपणच असायला हवेत.

परतीच्या वाटेवर ताईचा पाय शेवाळावरून सटकला. घोटा मुरगळला. पाच मिनिटांत सूज. बाबांनी मुलाला काहीतरी सांगितलं आणि तो कुंपणावरच्या वेलीकडे गेला. होय, वेलीकडे. नेच्यांमध्ये एक वेलही आहे, लायगोडियम. तिची गंमत अशी की जी वेल म्हणून झाडावर चढते ते तिचं खोड नसतं, एकच पान असतं. मीटरच्या मीटर वाढत जाणारं पान. पर्णिकांच्या कडांना बीजाणूंची, म्हणजे बीऐवजी नेचा ज्यांतून रुजतो त्या बारीक कणांची, झालर.

"नेवता?" ताईनं कळवळत विचारलं.

"पडलेल्या माणसाला नेवत्याची वाट बघायला लावत नाहीत," बाबा म्हणाले.

मूळ धुऊन, ठेचून मोहरीच्या तेलात उकळलं आणि कोमट झाल्यावर घोट्याला चोळलं. मुरगळ, सांधेदुखी, खरूज, जखमा यांवर या वेलीच्या मुळाचा असा उपयोग देशातल्या पुष्कळ जमातींमध्ये नोंदलेला आहे. मी तो वाचला होता. तेलाचा तो उग्र, मातकट वास मात्र पहिल्यांदाच घेतला. ताईनं स्वतः तपासून हाड मोडलेलं नाही याची खात्री केली, वर तिच्या पिशवीतला इलॅस्टिकचा पट्टा गुंडाळला आणि पाय उशीवर उंच ठेवला. बाबा तिचं बांधणं बारकाईनं बघत होते. त्यांनी पट्टा हातात घेऊन ताणून पाहिला. ताईनं दुसरा पट्टा काढून त्यांना दिला.

त्या रात्री गावातच राहिलो. मक्याची भाकर, टमाट्याची चटणी आणि बरबटीची भाजी.

दिवस तिसरा : पाताळकोटातच

सूज पुष्कळ उतरली होती. तेलानं की पट्ट्यानं, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

सकाळी एक आई तापलेलं मूल घेऊन आली. बाबांनी पोट, डोळे, जीभ पाहिली, आणि काही न देता तामियाच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. दादांनी गाडी जिथवर येत होती तिथवर आणली आणि त्यांना सोडून आले. ताई मला नंतर म्हणाली, "चाळीस वर्षांत मी हेच शिकवत आले नव्या मुलींना. कुठल्या पेशंटला हात लावायचा नाही, ते आधी कळलं पाहिजे."

दुपारी बाबांनी संजीवनी दाखवली. उघड्या खडकावर पसरलेली दाट हिरवी चटई, सुरूच्या फांद्यांसारखी. शास्त्राच्या हिशोबात हा खरा नेचा नाही, सेलाजिनेला म्हणजे नेच्यांचं दूरचं चुलत घराणं. पावसाळा संपला की फांद्या आत वळतात, तपकिरी मूठ होते. मेल्यासारखी महिनोन्‌महिने पडून राहते. पाणी मिळालं की काही तासांत पुन्हा हिरवी. रामायणातली संजीवनी ती हीच का, या प्रश्नावर बेंगळुरूच्या गणेशय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये गंभीरपणे लिहिलं आहे. नाव, डोंगरावर उगवणं आणि मरून उठण्याचा गुण, या कसोट्यांवर त्यांनी ज्या मोजक्या वनस्पती निवडल्या त्यांत ही आहे. २००५ मध्ये तिच्या अर्काचा प्रयोगशाळेत अभ्यास झाला. कीटकांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या पेशी उष्णता आणि अतिनील किरणांच्या माऱ्यात तग धरायला त्याची मदत होते असं दिसलं. काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे विसरायचं नाही. तरी बाबांनी ती कशावर द्यायची सांगितलं ते ऐकून मी चमकले : ऊन लागलं तर, लघवीला जळजळ होत असेल तर, आणि लांबलेल्या दुखण्यातून उठलेल्याला ताकदीसाठी.

मी विचारलं, एक मूठ नेऊ का शिकवायला?

"तुम्हाला कुठे ऊन लागलंय?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं.

मी फोटो काढले.

निघताना मात्र त्यांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. पूर्वी बाहेरचे व्यापारी यायचे, आता फोन येतात. संजीवनी किलोवर मागतात. गावातली दोन-तीन पोरं खडक खरवडून देतात. "मी पोरांना रागावत नाही, मक्यात भागत नाही. पण त्यांना म्हणतो, अर्धी ठेवा. ती बी नाही टाकत की पुढच्या वर्षी उगवेल." वनस्पतिशास्त्राच्या बाईंना हे वाक्य ऐकून जे वाटलं ते सांगते. नेच्यांचे आणि या संजीवनीचे बीजाणू धुळीसारखे बारीक. ओल्या जागी पडले तरच रुजतात, आणि पुंपेशीला स्त्रीपेशीपर्यंत पोहत जावं लागतं, त्यासाठी पाण्याचा पातळ थर हवा. एवढं सगळं जुळून यायचं तर उघड्या खडकावर वर्षं लागतात. हा धडा मी सव्वीस वेळा शिकवला आणि एकदाही म्हणाले नाही की म्हणून अर्धी ठेवा.

दिवस चौथा : पचमढी

देलाखारीचं सालवन, मटकुली, मग चढण. साग आणि साल या दोन जंगलांची इथे गाठ पडते. हे महादेवाचे डोंगर विदर्भातल्या माणसाला परके नाहीत. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणारे आणि नागपंचमीला नागद्वारीला जाणारे भाविक मोठ्या संख्येनं आपल्याकडचे असतात. आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे अप्पासाहेब भोसले याच डोंगरांत गोंडांच्या आश्रयाला राहिले होते. इंग्रजांच्या पुस्तकांत मात्र पचमढीचा 'शोध' कॅप्टन फोर्सिथनं लावला.

जटाशंकरची घळ म्हणजे नेच्यांचं माहेर. दोन्ही बाजूंनी उंच खडक, वरून ठिबकणारं पाणी, दुपारीही संधिप्रकाश. पचमढीच्या या घळींमध्ये ओल बारा महिने टिकते, म्हणून हिमालयात आणि दक्षिणेत सापडणारे नेचे मधल्या कोरड्या मुलखात इथे तग धरून आहेत. वृक्षनेचे आहेत, झाडासारखं खोड आणि वर छत्री. ओढ्याकाठी राजनेचा, ओस्मुंडा, आहे. खडकाच्या सांध्यात सायलोटम आहे, ज्याला ना मूळ ना पान, नुसत्या हिरव्या काड्या. मी तीन तास मान वर करून फिरले. ताई पाय सांभाळत पायरीवर बसून राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होती, "भिंतीवरचं उपटू नका हो."

बाहेर रस्त्याकडेला जडीबुटीच्या पथाऱ्या होत्या. एका बाईनं संजीवनीचे तपकिरी गोळे टोपलीभर मांडले होते आणि शेजारी पाण्याच्या वाडग्यात एक उमललेला हिरवा. पर्यटक घोळका करून बघत होते. तीस रुपयांना एक. पुण्याकडच्या एका कुटुंबानं सहा घेतले, शोकेसमध्ये ठेवायला आणि पाहुण्यांना दाखवायला.

मी बाईंजवळ बसले. ही कशावर देतात, विचारलं. "सगळ्यावर," त्या म्हणाल्या. शुगर, बीपी, सांधे, घरात शांती. कुणाकडून शिकलात? त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की कुणाकडून नाही, व्यापारी टोपली देतो, संध्याकाळी हिशोब होतो. त्यांची सासू गोंड बाळंतिणींना औषध द्यायची, तिला सगळं यायचं. "ती गेली. मी तेव्हा मजुरीला जात होते, कधी शिकू?"

टोपलीत साठ-सत्तर गोळे असतील. पाताळकोटचा खडक डोळ्यांपुढे आला आणि मी मनातल्या मनात मोजत बसले, साठ-सत्तर मुठींना केवढा कडा लागेल. मला त्या बाईंचा राग येईना. ज्या पर्यटकांना यायला हवा होता त्यांचाही येईना, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी त्या सहा गोळेवाल्या ताईंना मी गाठलं आणि ही वनस्पती कशी वाढते, किती सावकाश वाढते ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. चार परत केले. बाईंनी पैसे परत दिले नाहीत, त्याऐवजी हिरड्याची पुडी दिली, आणि ते योग्यच होतं.

दिवस पाचवा : सौंसर

परतीचा रस्ता एका दमात कापला. मामींनी पिठलं-भाकरी तयार ठेवली होती. त्या आता पंचाऐंशीच्या. आजीच्या, म्हणजे त्यांच्या सासूच्या हाताखाली वीस वर्षं काढलेल्या.

जेवण झाल्यावर मी त्यांना फोनवर हंसराजाचा फोटो दाखवला. मामींनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांशी नेला.

"हा तं आपल्या विहिरीतला व्हय."

कुठली विहीर? मागची. नळ आल्यापासून तिच्यावर पत्रा टाकलेला. मी लहानपणापासून त्या घरी येत होते आणि मुलांना विहिरीकडे फिरकायची बंदी असायची, म्हणून मला माहीत नव्हतं. आजी दोर सोडायच्या आधी वाकून, हात पोचेल तिथलाच हंसराज खुडायची, मामी म्हणाल्या. "आत्याबाई मूळ कधी उपटू देत नव्हत्या. म्हणायच्या, विहीर उघडी पडते."

दादांनी आणि मी पत्रा सरकवला. आतून थंड, ओलसर हवा वर आली. मोबाइलचा उजेड खाली सोडला. दगडी बांधकामाच्या प्रत्येक सांध्यातून, पाण्यापर्यंत, चहूबाजूंनी हंसराज लोंबत होता. पन्नास वर्षं कुणी न खुडलेला.

मामी काठीच्या आधारानं आल्या, कठड्याला धरून वाकल्या, आणि नखानं तीन देठ खुडले. "ताईले दे, तिचा आवाज बसला हाय," असं म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिले आणि आम्हाला पत्रा पुन्हा नीट लावायला सांगितला.